रविवारचे हिरवे चौकोन

माझ्या फोनला रोज सकाळी साडेसहाला माझी चौकशी करायची खोड आहे. "आज ताकद किती?" एवढंच विचारतो आणि खाली शून्य ते दहा आकडे मांडून वाट बघत बसतो. आकडा दिला नाही तर दहा मिनिटांनी पुन्हा टुंग. दिला की गप्प. "अरेरे" नाही, "काळजी घे हं" नाही. कुणाच्या चुलतसासूला अगदी हेच झालं होतं आणि ती गव्हांकुराच्या रसाने कशी खडखडीत बरी झाली, ते तर नाहीच नाही. आजारपणात इतका शहाणा सोबती मला दुसरा मिळालेला नाही, आणि मी त्याचे उपकार मानते. फोनचे उपकार मानणारी बाई कुणाला वेडी वाटत असेल तर वाटू दे.

आजाराचं नाव ल्यूपस. अंगाच्या राखणीला जी शिबंदी ठेवलेली असते तीच उलटून अंगावर चालून येते, असं डॉक्टरबाईंनी पहिल्या दिवशी समजावून सांगितलं. सासूबाई शेजारच्या खुर्चीत होत्या. माझं सासर म्हणजे जुन्या म्हैसूरच्या राजाच्या फौजेतल्या मराठ्यांचं घर. आता भाऊबंदांत कुणी विमा विकतं, कुणी लष्कर मोहल्ल्यात गाड्यांचे सुटे भाग विकतं, पण ऐट अजून घोड्यावरची. सासूबाई म्हणाल्या, "अय्यो, आमच्यात एवढे शिपाई होऊन गेले, एक तरी फितूर झाला का? हिच्यातच कुठून आले हे?" त्यात माझ्या कोल्हापूरच्या माहेराला एक हळूच टोमणा होता. मी तो सोडून दिला, कारण त्या दिवशी भांडायला सुद्धा अंगात त्राण नव्हतं.

सांधे दुखतात, त्याला गोळी आहे. उन्हात गाल लाल होतात, त्याला छत्री आहे. थकव्याला काहीच नाही. मुळात थकवा हा शब्दच इथे पुरत नाही. लग्नघरात राबल्यावर रात्री पाय ठणकतात तो थकवा; झोपलं की सकाळी उतरतो. हा उतरत नाही. आठ तास झोपून उठावं आणि भिजलेली गोधडी अंगावर घेऊन दिवसभर वावरावं, तसं ते असतं. केस विंचरायला हात वर नेला की हात म्हणतो, बास, आता मला खाली ठेव. आणि चेहऱ्यावर यातलं काही दिसत नाही. "किती छान दिसतेस गं!" लोक म्हणतात. "आम्ही पण थकतो की," असंही म्हणतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हाच.

या सगळ्यात मला एकच आधार होता, तो नोकरीचा. म्हैसूरबाहेर कडकोळला एक कारखाना आहे, तिथे रवा इडली, गुलाबजाम अशा तयार पिठांची पाकिटं भरतात. तिथल्या प्रयोगशाळेत मी सोळा वर्षं आहे. पिठाचा नमुना घ्यायचा, वजन करायचं, सुकवायचा, परत वजन करायचं, ओलावा किती निघाला ते लिहायचं. ओलावा जास्त असला की पाकिटात अळ्या होतात. माझी सही झाल्याशिवाय एक खोकं गेटाबाहेर जात नाही. घरात माझं मत विचारतो कोण? सारात चिंच किती, ते सुद्धा सासूबाई ठरवतात. पण कडकोळला मी "नाही" म्हटलं की भरलेला ट्रक जागच्या जागी उभा राहतो. हे सुख ज्याने भोगलंय त्यालाच कळेल.

सासूबाईंनी सोळा वर्षांत या नोकरीबद्दल एक बरा शब्द काढला नव्हता. वाईटही काढला नव्हता, खोटं कशाला बोलू. "घरात खायला कमी आहे का?" एवढंच अधूनमधून, तेही भिंतीला उद्देशून.

आजार आला आणि माझ्या रजा वाढायला लागल्या. डॉक्टरबाई वयाने माझ्यापेक्षा लहान, म्हैसूरच्याच, बोलणं थोडं आणि नेमकं. त्या म्हणाल्या, "थकवा रक्ताच्या तपासणीत दिसत नाही. तो तुम्हालाच लिहून आणावा लागेल." आणि माझ्या हातातला फोन घेऊन त्यांनी स्वतः ते अ‍ॅप टाकून दिलं. सकाळी ताकदीचा आकडा द्यायचा. दिवसाचे चार भाग, प्रत्येकाचा एक चौकोन. त्या वेळात काय केलं ते निवडायचं: नोकरी, प्रवास, व्यायाम, घरकाम, विश्रांती. जड काम असेल तर चौकोन लाल होतो, हलकं असेल तर पिवळा, विश्रांती असेल तर हिरवा. रात्री परत एक आकडा. लाल फार झाले की फोन सांगतो, आता थांबा.

पहिले पंधरा दिवस मी रोज सात लिहिलं. अंगात दोनचं बळ नसलं तरी सात. का, ते विचाराल तर लाज वाटते सांगायला. कुणी "कशी आहेस?" विचारलं की "बरी आहे" म्हणायचं, हे आमच्या हाडात मुरलेलं. आणि अगदी नऊ-दहा लिहिलं तर दृष्ट लागेल, म्हणून सात. प्रयोगशाळेत चारचा ओलावा कुणी सात लिहिला असता तर मीच त्याला साहेबांसमोर उभा केला असता. इथे स्वतःच्या अंगाचं वजन मी डोळे मिटून लिहीत होते.

मग एकदा कंपनीच्या बसमधून उतरताना पायरीवरच बसले. उठताच येईना. वर रात्रीच्या आकड्यासाठी टुंग झालं. मला असा राग आला! म्हटलं, मेल्या, तुला ना डोळे, ना तोंड. तू कुणाला जाऊन सांगणार आहेस? मग तुझ्यापुढे कसली लाज? आणि मी दोन दाबलं. फोनने काही म्हटलं नाही, नुसता तो आकडा ठेवून घेतला. त्या दिवसापासून मी आकडे खरे लिहायला लागले, आणि काय सांगू, खरं लिहिण्यानेच निम्मं ओझं उतरल्यासारखं झालं. दिवसातून दोनदा तरी मी कुणापाशी तरी खरं बोलत होते.

आकडे खरे झाले. चौकोन मात्र चुकत होते, आणि ते मला माहीतच नव्हतं.

झालं असं की घरकाम हा पर्याय मी कधी निवडलाच नाही. आमच्याकडे भांडी-फरशीला बाई येते. घरकाम ती करते. मग मी घरकाम लिहायचं म्हणजे तिच्या कष्टावर माझं नाव घालायचं, नाही का? स्वयंपाक म्हणजे स्वयंपाक, त्याला काम कोण म्हणतं? पाहुणे म्हणजे पाहुणे. कडकोळला जाते त्या दिवशी "नोकरी" आणि "प्रवास" इमानेइतबारे लिहायची. रविवारी घरी असायची, म्हणून चारही चौकोन विश्रांती. हिरवेगार. हे मी मुद्दाम केलं असतं तर गोष्ट वेगळी होती. मी अगदी मनापासून, प्रामाणिकपणे चुकत होते.

सहा महिने गेले. इकडे कारखान्यात साहेबांनी मला बोलावलं. माणूस भला, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "तुमच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाची नाही. पण सही करायला माणूस रोज हवा. येत्या सोमवारी सांगा, पूर्ण वेळ येणार की नाही. नाही म्हणालात तरी मला राग नाही, मी दुसरं कुणी बघेन." दुसरं कुणी बघेन, हे शब्द बसमधून घरापर्यंत माझ्याबरोबर आले.

घरी नवऱ्याला सांगितलं. हा माणूस आकड्यांतला. दिवसभर कंपन्यांचे हिशेब तपासतो आणि घरी येऊन क्रिकेटच्या धावांच्या सरासऱ्या काढतो. त्याने माझ्या फोनातले सहा महिन्यांचे आकडे काढले, त्यांचा आलेख केला, रंगीत छापून जेवणाच्या टेबलावर ठेवला. मंगळवार ते शुक्रवार आकडा पाच, कधी सहा. रविवारी रात्री दोन. सोमवारी सकाळी दोन. दर आठवड्याला तसंच, जणू छाप मारलाय.

"हे बघ," तो म्हणाला. आवाजात माया होती, म्हणून तर जास्त टोचलं. "आठवडाभर नोकरी तुला पिळते. तेव्हा तू जोरावर निभावतेस. रविवारी नुसती आराम करतेस, तेव्हा सगळं बाहेर येतं. तुझ्याच हाताचे आकडे आहेत. सोड ती नोकरी. आपल्याला काही कमी नाही."

मी आलेखाकडे बघत बसले. कुणी तोंडी सांगितलं असतं तर मी कोल्हापूरची आहे, ऐकून घेतलं नसतं. पण माझेच आकडे, माझेच चौकोन. आपलेच दात आणि आपलेच ओठ. आकड्याशी भांडायचं नाही, हे तर मी सोळा वर्षं प्रयोगशाळेतल्या पोरींना शिकवत आलेय. "बरं," मी म्हटलं. न्हाणीघरात नळ सोडून रडले. ठरलं असं, की शुक्रवारी डॉक्टरबाईंना दाखवायचं, त्यांच्याकडून नोकरी झेपत नसल्याची एक चिठ्ठी घ्यायची आणि सोमवारी राजीनामा द्यायचा.

शुक्रवारी नवऱ्याला बेंगळुरूला जावं लागलं. दवाखान्यात एकटीने जायचं नाही, हा सासूबाईंचा कायदा. त्या मोत्यांच्या कुड्या घालून, पिशवी मांडीवर घेऊन माझ्याबरोबर आल्या.

डॉक्टरबाईंनी आलेख बघितला. मी नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. त्यांनी माझा फोन मागून घेतला आणि एकेक आठवडा बोटाने सरकवत राहिल्या. मग कन्नडमध्ये विचारलं, "रविवारी काय करता?"

"काही नाही. घरीच असते."

"आणि हे नऊ दिवस? रजा घेतलीय, सगळे चौकोन हिरवे, आणि आकडे एक, दोन, एक. सहा महिन्यांतले सगळ्यात वाईट दिवस आहेत हे. तेव्हा काय करत होता?"

"नवरात्र होतं ना, म्हणून रजा घेतली होती," मी म्हटलं. "घरीच होते. काहीच केलं नाही."

शेजारची खुर्ची करकरली. सासूबाईंना ते आलेख-बिलेख काही कळलेलं नव्हतं. त्यांच्या कानांनी एवढंच टिपलं, की भर दवाखान्यात, परक्या माणसापुढे, त्यांच्या सुनेवर आळसाचा आळ येतोय आणि ती खुळी तो कबूल करतेय.

"काही नाही कसं?" त्या कडाडल्या. "डॉक्टर, तुम्ही हिचं ऐकू नका. माझी सून आळशी नाही. नवरात्रात हिने काही केलं नाही? मग गोंबे काय स्वतः चालत आले पेटीतून?"

गोंबे म्हणजे दसऱ्याच्या बाहुल्या. म्हैसूरच्या घरांतून नऊ दिवस पायऱ्या रचून त्यांवर मांडतात. आमच्या मराठ्यांच्या घरांनीही ही रीत कधीच आपली करून टाकलीय. डॉक्टरबाई खुर्चीत सावरून बसल्या. त्याही इथल्याच. "किती पायऱ्या, अम्मा?"

"सात!" सासूबाई अभिमानाने म्हणाल्या.

"आमच्याकडे पाच. आई आणि आम्ही तिघी मिळून मांडतो, तरी संध्याकाळी आडव्या पडतो."

"आमच्यात हीच मांडते, एकटी. माझे गुडघे गेले ना. माळ्यावरून चार पेट्या उतरवल्या हिने. एकेक गोंबे पुसली. रोज वेगळी उसळ, रोज संध्याकाळी वीस-पंचवीस बायका हळदीकुंकवाला. येणारीला पाट, जाणारीला पान-सुपारी. नऊ दिवस एकदा टेकली असेल तर शपथ! आणि रविवारी काही करत नाही? पहाटे पाचला उठते. आठवड्याचं इडलीचं पीठ वाटते. मग मटण. माझी मुलगी येते ना, तिचा नवरा, दोन मुलं, सगळी जेवायला. ती गेली की सगळ्यांचे आठवड्याचे कपडे इस्त्री करते. मग संध्याकाळी पाणी तापवते, माझ्या डोक्याला तेल चोळते, मला न्हाऊ घालते, माझे केस..."

आणि तिथे त्या थांबल्या. तोंड तसंच उघडं. पिशवीचे बंद त्यांनी दोन्ही हातांनी गच्च धरले होते. सुनेची बाजू मांडता मांडता आपण काय बोलून गेलो, ते त्यांच्या त्यांनाच ऐकू आलं होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

डॉक्टरबाईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. "अम्मा, हिरवा म्हणजे विश्रांती. हिने रविवार असा लिहिलाय."

सासूबाईंनी पिशवीतून चष्मा काढला, लावला, आणि ते चौकोन वरपासून खालपर्यंत बघितले. घाई नाही केली. "हे खोटं आहे," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, मराठीत, "असं का लिहिलीस गं?"

फसवायचं नव्हतं हो कुणाला. मला खरंच वाटलं नव्हतं की ते काम आहे. आणि आता वाटलं तेव्हा कानशिलं तापली. पिठातला अर्धा टक्का ओलावा शोधणारी मी, आणि माझा स्वतःचा अख्खा रविवार मला दिसला नव्हता! जी नोकरी मला उभं ठेवत होती, तिच्याच गळ्यात मी सगळा आरोप अडकवला होता.

"चिठ्ठी मी आज देणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक महिना सगळं लिहा. लसूण सोललात तरी लिहा. ज्यात हात-पाय चालतात ते काम. मग बघू, कशाने काय होतं. अम्मा, हिच्यावर तुमचं लक्ष असू द्या. ही स्वतःचं नीट सांगत नाही."

घर आलं, रिक्षा थांबली, तेव्हा उतरता उतरता सासूबाई म्हणाल्या, "तेल माझं मी लावीन." बस्स, इतकंच.

सोमवारी मी साहेबांकडे राजीनाम्याऐवजी एक महिना मागायला गेले. त्यांनी कपाळाला हात लावला, पण दिला. "पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी मात्र हो की नाही, एकच शब्द." मी मान डोलावली. बाहेर येऊन स्वच्छतागृहात दोन मिनिटं भिंतीला टेकून उभी राहिले आणि तेही फोनमध्ये लिहिलं.

आणि मग सुरू झालं सासूबाईंचं राज्य. डॉक्टरांनी लक्ष ठेवायला सांगितलंय म्हटल्यावर त्यांनी डोळ्यांत तेल घालून ठेवलं. "दोनदा जिना चढलीस, लिही." "नारळ खवलीस, लिही." "बोळात उभं राहून त्या शेजारच्या बाईशी अर्धा तास बोललीस, ते काय सुम्ने, उगाच होतं का? लिही!" पहिल्या रविवारी चारही चौकोन लालभडक झाले आणि फोन दर तासाला "थांबा, थांबा" करून कोकलायला लागला. नवरा तो बघून खाली बसला. त्याने आपला रंगीत आलेख घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "मी चुकलो." मी म्हटलं, "तुम्ही कसले चुकलात? माल मीच खोटा दिला होता." पुढच्या रविवारी मटण त्याने केलं. तिखट इतकं घातलं की भाच्यांनी ताक पिऊन दिवस काढला, पण केलं.

सगळं काही गोडीगुलाबीत झालं नाही. नणंदेला सासूबाईंनीच फोन करून सांगितलं, की येताना भात आणि कोशिंबीर घेऊन ये. तिला ते लागलं. "माहेरी जेवायला डबा घेऊन यायचं का आता?" म्हणून ती एक रविवार आलीच नाही. सासूबाई दिवसभर तोंड पाडून बसल्या. दुसऱ्या दिवशी माझ्यावर उखडल्या, "आता मला पाणी मागायची पण भीती वाटते. मागितलं की तुझा फोन लाल होतो!" मी पण काही कमी नाही. म्हटलं, "मग मी परत हिरवं लिहू का, अम्मा? सांगा, लिहिते." दोघी दोन दिवस एकमेकींशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बसमधून उतरून घरी आले, तर ओट्यावर प्लॅस्टिकची पिशवी. नाक्यावरच्या दुकानातलं विकतचं इडलीचं पीठ. ज्या घरात दुकानातल्या पिठाला "तसलं" म्हणत, त्या घरात! सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. "आंबट आहे थोडं," म्हणाल्या. "आयतु, चालतं." मी त्या पिशवीकडे बघून इतकी गहिवरले, की मला खुर्ची घ्यावी लागली.

म्हणून सांगते, देवाने मला आजार दिला त्याचं मी त्याला कधीतरी विचारीनच, पण माणसं दिली ती मात्र नीट निवडून दिली. चिठ्ठी नाकारणारी डॉक्टर दिली. चुकलो म्हणणारा नवरा दिला. नणंद सुद्धा पुढच्या खेपेला आली, डबा घेऊन, आणि दारातच म्हणाली, "वहिनी, मला आधी सांगायचं नाही का?" कसं सांगणार होते? मलाच ठाऊक नव्हतं.

महिना संपत आला. चमत्कार वगैरे काही झाला नाही, ल्यूपस कुठे जात नाही. पण रविवारी रात्रीचा दोन चारवर आला. सोमवारी सकाळी पाच दिसला तेव्हा मी चष्मा पुसून परत बघितला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नोकरी झेपेल, घर असंच राहिलं तर." त्या "तर"वरच सगळं अडलं होतं. घरात जे चाललं होतं ते आजारपणाचं कौतुक होतं, की ही आता रीत? कुणी बोलत नव्हतं. नवरा म्हणायचा, तू ठरव. सासूबाई नोकरीचा विषय निघाला की शेंगा सोलायला घ्यायच्या. मी साहेबांना हो म्हणायचं आणि दोन महिन्यांनी सगळं परत माझ्या अंगावर यायचं, मग पडायचं, मग मान खाली घालून राजीनामा द्यायचा, यापेक्षा आताच नाही म्हटलेलं काय वाईट? उद्यावर सोमवार आला तरी माझं ठरेना.

त्या रविवारी अकराला मी आतल्या खोलीत आडवी झाले. फोनने सांगितलेला विश्रांतीचा तास होता तो. एवढ्यात फाटक वाजलं आणि सासूबाईंच्या थोरल्या जाऊबाईंचा आवाज आला. या घराण्यात त्यांच्यापुढे सासूबाई सुद्धा पदर सावरतात. रविवारी भर अकराला सून अंथरुणावर! मी उठून बसले, केस बांधले, एक पाय चपलेत घातला.

"सून कुठंय?" जाऊबाईंनी विचारलं.

"आत झोपलीय."

"या वेळेला? बरं नाही का तिला?"

बरं नाही म्हणणं किती सोपं होतं. खोटंही ठरलं नसतं.

"बरी आहे," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी सरळ, बाहेर गल्लीत ऐकू जाईल एवढा. "आठवडाभर कामाला जाते ना. आज तिची सुट्टी. उद्या परत कामावर जायचंय तिला, म्हणून झोपलीय. तुम्ही बसा अक्का, चहा मी टाकते."

मी चपलेतला पाय काढला. परत आडवी झाले, पांघरूण तोंडावर ओढलं आणि हुंदका बाहेर जाऊ नये म्हणून त्याचा काठ दातांत धरला. स्वयंपाकघरात चहाचं भांडं वाजत होतं. थोड्या वेळाने मला खरंच झोप लागली.